हिवाळ्यात मोटार धुताना

जानेवारी महिन्यातील लखनौची पहाट आहे. गोमतीच्या दोन्ही तीरांवर धुके पसरलेले आहे, हजरतगंजातील दिवे पिवळट ठिपक्यांसारखे दिसत आहेत आणि सूर्योदयास अद्याप तासभर अवकाश आहे. अशा वेळी एखाद्या गल्लीत बादलीचा आवाज होतो. मोटारी धुणारा माणूस कामाला लागलेला असतो. घरमालक कचेरीस निघण्यापूर्वी त्याला चार-सहा गाड्या धुऊन पुसून ठेवावयाच्या असतात. कानांना मफलर बांधलेला, अंगावर जाड स्वेटर. पण हात मात्र कोपरापर्यंत उघडे व ओले.

मोटार धुणे ही गोष्ट इतकी साधी आहे की तीत शास्त्र ते कोणते, असे कोणासही वाटेल. परंतु हेच काम मे महिन्यात आणि जानेवारी महिन्यात करून पाहिले, तर त्यांतील भेद लगेच ध्यानात येतो. उन्हाळ्यात सांडलेले पाणी घटकाभरात उडून जाते. हिवाळ्याच्या पहाटे ते जेथे सांडले तेथेच राहते. गाडीच्या पत्र्यावर, ब्रेकमध्ये, रस्त्यावर आणि धुणाऱ्याच्या बोटांवर मागे राहिलेले हे पाणी काय काय करते व त्याचा बंदोबस्त कसा करावा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

टपावरचे दव

लखनौ शहर समुद्रकिनाऱ्यापासून फार दूर, गंगेच्या विस्तीर्ण मैदानात, समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंचीवर वसलेले आहे. जानेवारीत तेथील रात्रीचे उष्णतामान सामान्यतः ७-८ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरते. थंडीची लाट आली की पारा ४ अंशांच्याही खाली जातो. दुपारी मात्र, धुके विरून ऊन पडले, तर तो २० अंशांच्या आसपास चढतो.

उघड्यावर ठेवलेली मोटार अशा रात्रीनंतर सकाळी ओलीचिंब आढळते. पाऊस तर पडलेला नसतो. मग हे पाणी आले कोठून? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर लंडन येथील एक वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दवावरील निबंधात दिले. त्यांनी लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके रात्री उघड्यावर ठेवून सकाळी पुन्हा तोलून पाहिले. फळीच्या वरच्या बाजूस, आकाशासमोर ठेवलेल्या पुंजक्यात अधिक पाणी जमलेले आढळले आणि फळीच्या खालच्या बाजूस लावलेल्या पुंजक्यात कमी. दव जर पावसासारखे वरून पडत नसेल, तर उघडे आकाश व आडोसा यांत असा भेद का व्हावा? वेल्स यांनी दाखवून दिले की निरभ्र रात्री प्रत्येक वस्तू आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे सोडीत असते. त्यामुळे ती भोवतालच्या हवेहूनही थंड होते, आणि मग हवेतील बाष्प तिच्यावर थिजून पाण्याचे थेंब बनतात.

मोटारीचा टप म्हणजे आकाशासमोर आडवा धरलेला पातळ पत्राच होय. त्याच्या अंगी उष्णतेचा साठा थोडा, आणि ती सोडण्यास मोकळे आकाश वर पसरलेले. म्हणून तो झपाट्याने निवतो. महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडक थंडीच्या पहाटे मोटारींच्या टपांवर दवबिंदू गोठून हिमकणांचा पातळ थर दिसतो. त्या वेळी हवेचे उष्णतामान शून्याच्या खाली गेलेलेच असते असे नाही. टपाचे मात्र गेलेले असते. गाडी छपराखाली किंवा दाट पर्णसंभाराच्या झाडाखाली उभी केली तर दव कमी पडते, याचे कारणही हेच.

हवेत बाष्प किती मावते?

ओले कपडे वाळण्यासाठी हवेत जागा असावी लागते, असे म्हटले तर ते शास्त्राला सोडून होणार नाही. एक घनमीटर हवेत ८ अंश सेंटिग्रेडला सुमारे ८ ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम मावते. पहाटेच्या धुक्यात हवा बाष्पाने काठोकाठ भरलेली असते. तीत आणखी बाष्प शिरण्यास वाव नसतो, म्हणून गाडीवर ओतलेले पाणी वाळत नाही. तीच हवा दुपारी तापून २० अंशांना आली की तिची धारणशक्ती दुप्पट होते आणि प्रत्येक घनमीटरमागे आणखी ८-९ ग्रॅम पाणी ती सहज उचलून नेते. हवा तीच, पाणी तेच. बदलली ती केवळ वेळ.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पाण्याचे बाष्प होण्यास उष्णता लागते, आणि ती पाण्यात जणू लपून बसते, हे जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात ग्लासगो येथे दाखविले. हिलाच अप्रकट उष्णता म्हणतात. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत आणावयास १०० कॅलरी उष्णता पुरते. पण थंड हवेत त्याच एका ग्रॅमचे बाष्प करावयास सुमारे ५९० कॅलरी लागतात. ही उष्णता उन्हातून आली तर उत्तमच. ऊन नसेल तर ती पत्र्यातून, काचेतून आणि धुणाऱ्याच्या त्वचेतून घेतली जाते.

यावरून पहिला नियम निघतो : हिवाळ्यात मोटार दुपारी, शक्य तर बारा ते दोन या वेळात, उन्हात धुवावी. जानेवारीच्या आरंभी लखनौस सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजावर अवघा ४० अंश चढतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणून चार वाजता धुवावयास घेतलेली गाडी रात्रभर ओलीच राहण्याचा संभव असतो. दिवसभर धुके न हटल्यास धुणे दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

धुळीतील गारगोटी

सकाळी दवाने भिजलेली धूळ पाहून पुष्कळ लोक कोरडे फडके घेऊन गाडी पुसून काढतात. पाणी आयतेच मिळाले, असा त्यांचा समज असतो. गाडीच्या रंगाचे सर्वांत मोठे नुकसान याच चुकीने होते.

लखनौची जमीन नद्यांनी हिमालयातून वाहून आणलेल्या गाळाची आहे. तेथील धुळीत गारगोटीचे, म्हणजे स्फटिकाचे, सूक्ष्म कण विपुल असतात. खनिजांचे काठिण्य मोजण्याच्या मोह्स यांच्या मोजपट्टीत गारगोटीचा क्रमांक ७ आहे. खिडकीच्या काचेचा सुमारे साडेपाच. गाडीच्या रंगावरील पारदर्शक लेप तर काचेहूनही पुष्कळ मऊ असतो. तेव्हा धुळीवरून फडके फिरविणे म्हणजे पॉलिशकागदाने रंग घासण्यासारखेच होय. उन्हात गाडीकडे तिरपे पाहिले असता कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक रेषा दिसतात, त्या या पुसण्याच्याच खुणा होत.

हिवाळ्यात या धुळीत आणखी भर पडते. थंड रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. चुलींचा, शेगड्यांचा, वाहनांचा व भट्ट्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडला जातो. धुक्याच्या थेंबांत तो मिसळतो, आणि थेंब वाळले की काजळी व क्षार गाडीवर राहतात. म्हणून धूळ आधी भरपूर पाण्याने भिजवून, ओघळून जाऊ द्यावी. फडके लावावयाचे ते त्यानंतर.

पाणी कोणते घ्यावे?

गच्चीवरच्या टाकीतील पाणी रात्रभर थंड हवेत राहिल्यामुळे सकाळी हवेइतकेच गार झालेले असते. जमिनीच्या पोटातील पाण्याची गोष्ट निराळी आहे. काही मीटर खोलीवर ऋतूंचा बदल पोहोचत नाही. तेथील उष्णतामान त्या स्थळाच्या वर्षाच्या सरासरीइतके स्थिर राहते. लखनौत ते २५ अंशांच्या आसपास असते. म्हणूनच हातपंपाचे किंवा कूपनलिकेचे नुकतेच उपसलेले पाणी हिवाळ्यात कोमट वाटते व त्यातून वाफा निघताना दिसतात. उन्हाळ्यात तेच गार लागते. थंडीत हात घालावयाचे असतील तर असे ताजे पाणी उत्तम. इंधन न जाळता पृथ्वीनेच ते तापवून दिलेले असते.

या पाण्यात एक दोष आहे. गाळाच्या जमिनीतून झिरपताना त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात व ते दुष्फेन बनते. साध्या साबणाचा त्यात फेस होत नाही. उलट चिकट साका धरतो. म्हणून गाडीसाठी साबणाऐवजी सौम्य प्रक्षालक वापरावा. शिवाय असे पाणी पत्र्यावर आपोआप वाळू दिले तर विरघळलेले क्षार मागे राहून पांढरे डाग पडतात. ते टाळावयाचे तर गाडी पुसूनच कोरडी केली पाहिजे.

काचेवर कढत पाणी कधीही ओतू नये. काच उष्णतेची मंदवाहक आहे. कढत पाण्याने तिचा बाहेरचा थर प्रसरण पावतो, आतला थर मात्र थंडच राहतो, आणि दोहोंत ताण निर्माण होतो. खडा लागून काचेला आधीच बारीक टवका गेला असेल, तर त्या ठिकाणाहून तडा पसरतो. हाताला सोसेल असे कोमट पाणी घेतल्यास हे भय राहत नाही.

दोन प्राणघातक चुका

आतापर्यंत सांगितलेल्या चुकांनी वस्तूंचे नुकसान होते. पुढील दोन चुकांनी माणसे दगावतात.

पहिली चूक पाणी तापविण्याच्या विजेच्या रॉडची. बादलीत रॉड सोडून, तो चालू असतानाच पाणी कितपत तापले हे पाहण्यासाठी बोट बुडविण्याची सवय पुष्कळांना असते. रॉडचे आवरण फुटलेले असेल तर वीज पाण्यात उतरते. ओले हात आणि ओली जमीन यांमुळे शरीरातून तिला सुगम वाट मिळते. यासाठी क्रम पाळावा : रॉड आधी पाण्यात सोडावा, मग कळ दाबावी. पाणी तापल्यावर कळ बंद करावी, प्लग ओढून काढावा, रॉड बाहेर काढावा आणि मगच पाण्यास हात लावावा. धातूची बादली वापरू नये. गाडी धुण्याच्या ओल्या जागी तर रॉड चालू ठेवूच नये.

दुसरी चूक बंद जागेची. थंडी टाळण्यासाठी गाडी गॅरेजात घेऊन, दार ओढून घेऊन धुणे, आणि ती लवकर वाळावी म्हणून इंजिन चालू ठेवणे हा प्रकार अत्यंत घातक आहे. ऊब मिळावी म्हणून कोळशाची शेगडी, जिला तिकडे अंगीठी म्हणतात, ती बंद जागेत पेटवून ठेवणेही तितकेच वाईट. दोहोंतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील रक्तारुणाशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने संयोग पावतो, आणि मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे माणसाला साध्या थकव्याची वाटतात व तो तेथेच बसून राहतो. अशी लक्षणे दिसताच उघड्या हवेत यावे आणि वैद्याची मदत घ्यावी. गॅरेजचे दार सताड उघडे नसेल तर इंजिनही नको आणि शेगडीही नको.

धुणाऱ्याचे हात

पाणी हवेपेक्षा सुमारे २४ पटींनी अधिक उष्णतावाहक आहे. त्यामुळे १० अंशांच्या हवेत जो हात बराच वेळ टिकाव धरतो, तोच १० अंशांच्या पाण्यात थोड्याच मिनिटांत बधिर होतो. शरीर आपली आतली ऊब राखण्यासाठी बोटांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. बोटे पांढुरकी पडतात, त्यांची पकड ढिली होते आणि कापले वा भाजले तरी कळत नाही. त्यातच प्रक्षालक त्वचेवरील नैसर्गिक स्निग्धता काढून टाकतो. त्वचा कोरडी पडते, भेगा पडतात, आणि रोज पहाटे हेच घडत राहिले तर बोटे लाल होऊन सुजतात व खाजतात.

यावर उपाय महागडे नाहीत. कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे घालावेत, आत पातळ सुती मोजे असल्यास अधिक बरे. पायांत रबरी बूट असावेत. दोन गाड्यांच्या मध्ये हात कोरडे पुसून काखेत किंवा कोमट पाण्यात धरून उबवावेत. बधिर हात एकदम विस्तवावर धरू नयेत, कारण त्यांना चटका जाणवत नाही. काम संपल्यावर हातांना तेल चोळावे. लखनौत मोहरीचे तेल घरोघर असते, महाराष्ट्रात खोबरेल असते, गुण दोहोंचा सारखाच.

परंतु खरा उपाय गाडीच्या मालकाच्या हाती आहे. थंडीची लाट आली की लखनौत शाळांची वेळ पुढे ढकलण्यात येते, कारण मुलांनी पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडू नये हे सर्वांस पटलेले असते. गाडी धुण्याची वेळही अशीच पुढे ढकलता येईल. गाडी दिवसभर कचेरीत राहत असेल तर रोज न धुता आठवड्यातून एकदा, सुटीच्या दुपारी धुवावी. यात गाडीचे नुकसान काहीच नाही. उलट रंगाला फडके कमी वेळा लागेल, आणि एका माणसाची बोटे पहाटेच्या पाण्यातून सुटतील.

ओले ब्रेक

ब्रेक म्हणजे घर्षणाने चाकाची गती शोषून घेणारे साधन. घर्षण करणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये पाण्याचा पापुद्रा शिरला की घर्षण घटते आणि पाय दाबूनही गाडी तत्काळ हटकली जात नाही. तबकडीचे ब्रेक उघडे असल्याने पाणी लवकर झटकून टाकतात. ढोलाचे ब्रेक बंदिस्त असल्याने ते धरून ठेवतात.

धुक्यात याचा अर्थ काय होतो, तो हिशेबाने पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीनुसार अतिदाट धुक्यात ५० मीटरांपलीकडचे दिसत नाही. समोरची वस्तू दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे ११ मीटर गेले. ओला ब्रेक लागू होण्यास आणखी एक सेकंद लागला तर आणखी ११ मीटर गेले. उरलेल्या २८ मीटरांत, ओल्या रस्त्यावर, गाडी थांबवावयाची आहे. म्हणून धुतल्यानंतर गाडी मोकळ्या जागी सावकाश चालवून ब्रेक चार-सहा वेळा हलकेच दाबावेत. घर्षणाच्या उष्णतेने पाणी उडून जाते. हे न करता हातब्रेक ओढून गाडी रात्रभर ओली उभी ठेवली, तर गंजाने अस्तर ढोलास चिकटून बसण्याचा संभव असतो.

गाडीच्या आतील सतरंज्या ओल्या राहिल्या तर त्यांतील पाण्याचे बाष्प थंड काचेवर आतून थिजते. बाहेर धुके आणि आत वाफ, अशा दुहेरी पडद्याआडून चालकास पाहावे लागते. यास्तव हिवाळ्यात आतील भाग ओल्या फडक्याने पुसण्यावरच भागवावे.

धुण्याचा क्रम

वरील सर्व विवेचनाचा इत्यर्थ पुढील क्रमात आला आहे :

१. गाडी दुपारी उन्हात, उताराच्या कोरड्या जागी उभी करावी. इंजिन बंद करून ते निवू द्यावे. विजेवर चालणारी गाडी असेल तर ती भारित होत असताना धुऊ नये.

२. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत प्रक्षालकाचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यासाठी निर्मळ पाणी. नळीतून मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल तर दहा मिनिटांत १०० लिटर जाते. हेच काम तीन-चार बादल्यांत होते. लखनौची भूजलपातळी खाली जात असता ही बचत किरकोळ म्हणता येणार नाही.

३. प्रथम साधे पाणी ओतून धूळ भिजवावी व वाहू द्यावी.

४. टपापासून आरंभ करून खाली यावे. चाके सर्वांत शेवटी, वेगळ्या फडक्याने धुवावीत.

५. एका वेळी एकच भाग धुऊन लगेच स्वच्छ पाण्याने खळबळावा.

६. मऊ, पाणी शोषणाऱ्या फडक्याने पुसावे. दारे, डिकी व बॉनेट उघडून कडेच्या रबरी पट्ट्या कोरड्या कराव्यात.

७. ब्रेक वाळवावेत आणि रस्त्यावर साचलेले पाणी झाडून काढावे, म्हणजे पायी जाणारा घसरून पडणार नाही.

जेथे पाणी गोठते

लखनौत पाणी गोठण्याचे प्रसंग विरळा. नैनिताल, मसुरी, सिमला अशा ठिकाणी मात्र ते नित्याचे आहे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. कुलपाच्या भोकात राहिलेला थेंब गोठला की किल्ली फिरत नाही. दाराच्या रबरी पट्टीत गोठला की दार उघडत नाही, आणि बळाने ओढल्यास पट्टी फाटते. रस्त्यावर सांडलेल्या पाण्याचा न दिसणारा बर्फ होतो. युरोप-अमेरिकेत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात, आणि त्याने पत्रा गंजू नये म्हणून ऐन हिवाळ्यातही गाडीचा तळ धुवावा लागतो. तेथेही हवा शून्याच्या वर असेल असाच दिवस निवडावा आणि गाडी पूर्ण कोरडी करावी, हाच नियम लागू पडतो.

करून पाहण्याजोगे प्रयोग

१. सारख्या आकाराची दोन पत्र्याची झाकणे घ्या. निरभ्र थंड रात्री एक उघड्या अंगणात व दुसरे ओसरीच्या छपराखाली ठेवा. सूर्योदयापूर्वी दोन्ही पाहा. दव कोणावर अधिक पडले, आणि का?

२. दोन बाटल्यांत सारखे पाणी घ्या, एकीत पावसाचे व दुसरीत कूपनलिकेचे. प्रत्येकीत साबणाचा सारखा चुरा टाकून हलवा. फेस कोठे टिकतो?

३. एकाच कापडाचे दोन सारखे तुकडे भिजवून पिळा. एक सकाळी सात वाजता व दुसरा दुपारी बारा वाजता एकाच जागी वाळत घाला. प्रत्येकास लागलेला वेळ टिपून ठेवा. मग आपल्या गल्लीत मोटारी कोणत्या वेळी धुतल्या जातात, हे पाहून ती वेळ योग्य आहे की नाही, याचा विचार वर्गात करा.